वर पाणी प्यावे

डॉक्टरांचं अक्षर वाचणं हा माझा धंदा आहे. मस्कतला अल् घुब्रामधल्या एका खाजगी दवाखान्यात मी रेकॉर्ड विभागात काम करते. जुन्या कागदी फायली उघडायच्या आणि त्यांतलं सगळं कॉम्प्युटरवर चढवायचं, एवढंच काम. इजिप्शियन, सुदानी, मल्याळी, पाकिस्तानी अशा नाना देशांच्या डॉक्टरांनी त्या फायलींत मुंग्या सोडून ठेवल्या आहेत. बाकीच्या मुलींनी हात टेकले की फाईल माझ्या टेबलावर येते. गेल्या वीस वर्षांत माझ्यापुढे एकही डॉक्टर टिकलेला नाही. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही. दुसरा गर्व असा, की जे लिहिलंय तेच मी चढवते. डॉक्टरने स्पेलिंग चुकवलं असेल तर तेही तसंच. रेकॉर्डमध्ये आपली अक्कल पाजळायची नाही, असं नव्या मुलींना मी पहिल्याच दिवशी दटावून सांगते.

तरीही मी एकदा एक ओळ गाळली, आणि तीही चांगली जाणूनबुजून. ती ओळ अमेरिकेतल्या यादवी युद्धात काम केलेल्या एका सर्जनने आपल्या वहीत लिहिलेली होती. त्या ओळीने माझ्या वडिलांच्या तोंडाचं पन्नास वर्षांचं कुलूप उघडलं, म्हणून हे सगळं लिहून ठेवते आहे.

आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक अमेरिकन बाई राहायच्या. इथल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, वय सत्तरीकडे झुकलेलं. सगळे त्यांना मॅडम म्हणत, मीही म्हणायचे. एकदा त्यांच्या औषधाची चिठ्ठी फार्मसीवाल्यालाही लागेना, ती मी लिफ्टपाशी उभ्या उभ्या वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी त्या झेरॉक्सच्या कागदांचा जाडजूड गठ्ठा घेऊन माझ्या दारात हजर. हे वाचून टाइप करून देशील का, म्हणाल्या. ती त्यांच्या खापरपणजोबांची वही होती.

मॅडम चहा घेत बसल्या आणि त्यांनी सगळी हकीकत सांगितली. हे खापरपणजोबा खेड्यातले डॉक्टर. युद्ध सुरू झालं तेव्हा सर्जन म्हणून सैन्यात गेले. त्यांचा धाकटा भाऊ त्याच पलटणीत साधा शिपाई होता. एका लढाईत भावाच्या पोटात गोळी लागली आणि तो थोरल्या भावाच्याच तंबूपाशी मेला. घरी दोन गोष्टी पोचल्या. एक, की डॉक्टरने सख्ख्या भावाला टेबलावर घेतलंच नाही, झाडाखाली ठेवून दिलं. दुसरी, की त्याला पाणी पाजलं. पुढे मॅडमचे आजोबा डॉक्टर झाले आणि त्यांनी भर जेवणाच्या टेबलावर सांगून टाकलं, की पोटाच्या जखमेत पाणी पाजणं म्हणजे माणूस मारणं. झालं. भावाच्या वंशातली माणसं आधीच दुखावलेली होती, ती कायमची तुटली. आजही दोन्ही घरं एकाच गावात राहतात आणि एकमेकांच्या मयतीलाही जात नाहीत.

अलीकडेच कुणा आत्याच्या ट्रंकेत ही वही सापडली होती, पण ती कोणाला वाचता येत नव्हती. मॅडम दोन महिन्यांत ओमान कायमचं सोडून गावी जाणार होत्या. तिथे त्यांनी दोन्ही घरांना एकत्र बोलावलं होतं आणि भावाच्या वंशातली एक नव्वदीची म्हातारी पहिल्यांदाच यायला कबूल झाली होती. मॅडमना एवढंच हवं होतं, की ही पाण्याची गोष्ट खोटी निघावी. जाताना त्या माझा हात धरून म्हणाल्या, काय असेल ते मला सांग, पण मी रोज प्रार्थना करते की तसं नसावं.

याच सुमारास माझे वडील, आमचे पप्पा, माझ्याकडे राहायला आले होते. आम्ही वसईकडचे ख्रिस्ती. आई वर्षापूर्वी गेली आणि वाडीतल्या घरात पप्पा एकटेच उरले. ऐंशीच्या माणसाला तिथे ठेवायचं कसं, म्हणून मी हट्टाने घेऊन आले. पप्पा सैन्यात सर्जन होते. एकाहत्तरच्या युद्धात ते पूर्वेच्या आघाडीवर होते, अगदी तरुण कॅप्टन. पुढे काही वर्षांनी त्यांनी नोकरी सोडली, वसईत छोटा दवाखाना काढला आणि ताप-खोकल्याची औषधं देत आयुष्य काढलं. गळू कापायचं असलं तरी पेशंटला दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवायचे. युद्धाबद्दल आम्ही विचारलं तर उठून वाडीत केळींना पाणी सोडायला जायचे. आई म्हणायची, त्यांना छळू नका. आम्हीही मग विचारणं सोडलं. दर रविवारी मिस्सेला जायचे पण शेवटच्या बाकावर बसायचे, आणि फादरांपुढे पापनिवेदनाला गेलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही.

पप्पांची आणखी एक गोष्ट आम्हा भावंडांना चमत्कारिक वाटायची. दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आमच्या घरी गुळाची ढेप यायची, जुन्या धोतरात शिवलेली. सोबत एक पोस्टकार्ड. पप्पांनी ज्याच्यावर युद्धात उपचार केले होते अशा एका शहीद जवानाची आई ते पाठवते, इतकंच आम्हाला ठाऊक. कार्डावरचं अक्षर दर वर्षी वेगळं असायचं, बहुधा शाळेतल्या कोणाकडून तरी लिहून घेत असावी. मजकूर मात्र ठरलेला. सर्व खुशाल आहे, गूळ घरचा आहे, डॉक्टरसाहेबांनी गोड मानून घ्यावा. आणि शेवटी, गूळ खाऊन वर पाणी प्यावे. या शेवटच्या ओळीवर मी आणि माझा भाऊ खो खो हसायचो. गूळ खाल्ल्यावर पाणी प्यायचं हे काय पत्राने कळवायचं? आम्ही तो गूळ भाकरीशी खायचो, नुसताही खायचो. पप्पा त्याला शिवायचे नाहीत. चहासुद्धा बिनसाखरेचा प्यायचे, लोकांना वाटायचं मधुमेह आहे. मी कॉलेजात जायला लागले त्या सुमारास ढेप यायची बंद झाली. आई म्हणाली, म्हातारी गेली असेल.

अल् घुब्रात आल्यावर पप्पांचा दिवस कसा जाणार याची मला धास्ती होती. माझी मुलगी शाळेतून आली की आजोबांशी दोन वाक्यं मराठीत बोलायची आणि तिसऱ्या वाक्याला इंग्रजीत घसरायची. नवरा हॉटेलात, त्याच्या पाळ्या बदलत्या. पण पप्पांनी स्वतःच एक उद्योग शोधला. आमच्या गल्लीत एका ओमानी घराच्या कंपाउंडच्या भिंतीला बाहेरून थंड पाण्याचा कूलर लावलेला आहे, येणाऱ्याजाणाऱ्याने प्यावं म्हणून. इथे अशी पुष्कळ घरं असतात. पप्पा रोज पाच वाजता तिथे जाऊन उभे राहायला लागले. पार्सल पोचवणारी पोरं, कचरा उचलणारे, झाडांना पाणी घालणारे बांगलादेशी, कोणीही आलं की पप्पा पेला भरून पुढे करायचे. मी रागावले, लोक म्हणतील म्हाताऱ्याला घरचे बघत नाहीत. पप्पा दुसऱ्या दिवशीही पाचला गेले. आठवड्याने त्या घरच्या ओमानी म्हाताऱ्याने त्यांच्यासाठी भिंतीपाशी एक प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली आणि त्यांना अरबीत दक्तूर, म्हणजे डॉक्टर, म्हणायला लागला. मग मीच गप्प बसले.

वहीचं काम मी दवाखान्यातून आल्यावर करायचे. अक्षर भयंकर होतं, पण चार दिवसांत त्या माणसाचा हात मला कळला. त्या काळची औषधं आणि शस्त्रक्रियेचे शब्द अडायला लागले तेव्हा मी पप्पांना विचारायला लागले, आणि बघते तर पप्पांना गोडी लागली. भिंग घेऊन ते जेवणाच्या टेबलाशी बसायचे आणि मी टाइप केलेलं पान मूळ कागदाशी ताडून बघायचे. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाशी त्यांची जणू ओळख झाली. हा कामाचा माणूस होता, म्हणायचे. करवत कशी धरायची ते बघ किती नीट लिहिलंय.

मलाही तो माणूस आवडायला लागला होता. युद्धापूर्वीची पानं बाळंतपणांची आणि दात उपटण्याची. मग तंबू, चिखल, क्लोरोफॉर्मची बाटली फुटल्याची हळहळ. मुलगी झाल्याचं त्याला चार महिन्यांनी कळलं, त्या पानावर त्याने फक्त तिचं नाव लिहिलं होतं, तीनदा. युद्ध संपल्यावर तो घरी आला, करवत माळ्यावर टाकली आणि पुन्हा कधी कोणाला कापलं नाही. तापातली पोरं तपासायची आणि मका पेरायचा. भावाची विधवा ओढ्यापलीकडे राहायची. ती त्याच्याशी कधीही बोलली नाही. दर वर्षी पहिला बर्फ वितळला की हा उजाडताना जाऊन तिचं मोडलेलं कुंपण दुरुस्त करायचा आणि ती उठायच्या आत परतायचा. हे वाचताना मी पप्पांकडे पाहिलं. ते भिंग पुसत होते.

गठ्ठ्यातली पानं मागेपुढे झालेली होती, त्यामुळे भावाच्या मृत्यूचं पान मला शेवटीशेवटी, एका गुरुवारी सापडलं. पप्पा कूलरवर गेले होते. पान लहानच होतं. त्या दिवशी टेबलं दोन आणि जखमी अंगणभर पसरलेले, असं लिहून त्याने पुढे लिहिलं होतं, की भावाला आणलं, जखम पोटाची, काही करण्यासारखं नाही. त्याला ओकच्या झाडाखाली ठेवलं. आणि त्याखाली एकच ओळ होती. त्याने पाणी मागितलं, मी माझ्या बाटलीतलं दिलं, तीन वेळा.

मॅडमचा चेहरा डोळ्यांसमोर आला. जे नसावं म्हणून ती बाई रोज प्रार्थना करत होती ते इथे स्वच्छ लिहिलेलं होतं. दवाखान्याच्या फायलींत मी हजारदा एन.बी.एम. हे तीन अक्षरांचं फर्मान चढवलं आहे. तोंडाने काही द्यायचं नाही, पाण्याचा थेंबही नाही. म्हणजे आजोबांचं खरं होतं, या माणसाने भावाला टाकलं आणि वर पाणी पाजून मारलं. मग पान टाइप केलं, झाडाखाली ठेवलं इथपर्यंत. ती ओळ सोडून दिली. मूळ पान गठ्ठ्याच्या अगदी तळाशी सरकवलं. एका गेलेल्या माणसाची अब्रू आणि एका जिवंत बाईचं समाधान दोन्ही राहतील, त्यात कोणाचं काय जातं, अशी मी मनाची समजूत घातली. माझ्यासारखी बाई, जी स्वल्पविराम बदलत नाही, तिने हे केलं.

पण पप्पा पानांचे आकडे तपासतात हे मी विसरले होते. इथे सुट्टी शुक्रवारी, म्हणून मिस्साही शुक्रवारीच; दुसऱ्या दिवशी आम्ही मिस्सेहून आलो. जेवण झाल्यावर पप्पांनी गठ्ठा उलटा केला, तळाचं पान काढलं, माझं टाइप केलेलं पान शेजारी ठेवलं आणि भिंगाने दोन्ही वाचली. मी भांडी आवरत होते. त्यांनी मला हाक मारली.

"पाणी दिल्याची ओळ कुठे गेली?"

मी खरं काय ते सांगितलं. मॅडमना वाईट वाटेल म्हणून गाळली, म्हटलं. वर शहाणपणाही केला.

"पोटाच्या जखमेला पाणी द्यायचं नसतं, पप्पा. एवढं मलाही कळतं."

"ऑपरेशन करायचं असेल तर द्यायचं नसतं." पप्पा कागदावरून नजर न उचलता म्हणाले. "ज्याचं ऑपरेशन करायचंच नाही, त्याला का द्यायचं नाही?"

पप्पांनी भिंग खाली ठेवलं. मी त्यांचा हात धरायला गेले, तर त्यांनी तो टेबलाखाली घेतला. मग ते बोलायला लागले. आवाज नेहमीचा, केस समजावून सांगावी तसा.

त्यांच्या तंबूत एकच टेबल होतं. एका सकाळी इतके जखमी आले, की कोणाला आधी घ्यायचं आणि कोणाला घ्यायचंच नाही हे दारातच ठरवावं लागलं. ते काम पप्पांवर होतं. एका जवानाच्या पोटात आणि पाठीत गोळ्या होत्या, रक्त बहुतेक वाहून गेलेलं. त्याच्यावर तीन तास घालवले असते तरी तो वाचला नसता, आणि तेवढ्यात बाहेरचे चार-पाच जण गेले असते. पप्पांनी त्याला बाजूला ठेवायला सांगितलं, तंबूच्या मागे, सावलीत. हा निर्णय बरोबर होता, पप्पा म्हणाले. मी आजही तोच घेईन. त्याबद्दल मला कधी झोप लागली नाही असं झालं नाही.

"मग?" मी विचारलं.

"मी दोनदा त्याच्या बाजूने गेलो. दोन्ही वेळा त्याने पाणी मागितलं, मराठीत मागितलं. आमच्या डॉक्टर-हवालदारांत मराठी बोलणारा मी एकटाच, हे त्याला कळलं होतं. नर्सिंगचा हवालदार पाण्याचा मग भरून उभा होता. मी म्हटलं, पोटाची जखम आहे, पाणी नाही. सवयीने म्हटलं. त्याचं ऑपरेशन होणार नव्हतं, हे मीच ठरवलं होतं, आणि पाणी नाही हेही मीच म्हटलं. तो दुपारपर्यंत जिवंत होता. हात धुताना मला चूक कळली. पाण्याचा मग घेऊन मागे गेलो तर तो गेलेला होता."

पप्पांनी दाराकडे पाहिलं. मुलगी आतल्या खोलीत अभ्यास करत होती, तिच्या खुर्चीचा आवाज येत होता. मग त्यांनी उरलेलं सांगितलं. जवानाच्या घरी पत्र त्यांनीच लिहिलं होतं. तुमच्या मुलाला आम्ही लगेच टेबलावर घेतलं, शेवटपर्यंत प्रयत्न केले, त्याला काही त्रास झाला नाही, असं सगळं खोटं. आईला बरं वाटावं म्हणून. आणि त्या आईने उपकार मानून दर वर्षी गूळ पाठवला. पप्पांना तो घशाखाली घालता येईना, आणि तिला खरं कळवायचं धैर्यही होईना. ती गेली तेव्हा आपण सुटलो असं त्यांना वाटलं, आणि तसं वाटल्याची लाज अजून वाटते, म्हणाले.

मी रडले. पप्पा रडले नाहीत. ते म्हणाले, "ती ओळ परत घाल. हा माणूस माझ्यापेक्षा चांगला डॉक्टर होता. एवढ्या गर्दीत तो तीन वेळा थांबला."

मी तिथेच लॅपटॉप उघडून ओळ घातली. संध्याकाळी आम्ही दोघं खाली मॅडमकडे गेलो. पान त्यांच्या हातात देताना मला माझी लबाडीही सांगावी लागली आणि मी सांगितली. मॅडमनी ओळ वाचली आणि त्यांचा चेहरा पडला. तेव्हा पप्पा त्यांच्याशी सैन्यातल्या जुन्या, ताठ इंग्रजीत बोलले. त्या काळात पोटाच्या गोळीवर कोणाकडेच इलाज नव्हता, त्यांनी सांगितलं. तुमच्या आजोबांनी वाचवता येणाऱ्या माणसाचा नियम मरणाऱ्या माणसाला लावला. मीही तीच चूक केली आहे, आणि माझ्या हातून ती पेशंटवर झाली. मॅडमनी विचारलं नाही कोणता पेशंट. त्या उठल्या, पप्पांसाठी पाण्याचा ग्लास आणला आणि त्यांच्यापुढे ठेवला. पप्पांनी तो तसाच राहू दिला.

मॅडम मेअखेरीस गेल्या. त्यांच्या घरातलं सामान एका दिवसात विकलं गेलं, माझ्याकडे त्यांची एक कुंडी आली. जुलैत त्यांचा मेसेज आला. दोन्ही घरं जमली होती. त्यांनी ती ओळ वाचली तेव्हा नव्वदीच्या म्हातारीने हात वर केला आणि पुन्हा वाचायला सांगितलं. तीन वेळा हे शब्द नीट ऐकू आले का, याची तिला खात्री करून घ्यायची होती. मग ती मॅडमच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली आणि जेवण होईपर्यंत तिथेच बसली. मी मेसेज पप्पांना मराठीत सांगितला. ते बरं झालं म्हणाले आणि कूलरवर गेले.

परत आले ते सरळ आपल्या खोलीत गेले आणि प्रार्थनेच्या पुस्तकातून एक पोस्टकार्ड काढून आणलं. पिवळं पडलेलं, कोपरे दुमडलेले. त्यांनी सगळ्या कार्डांतलं एक जपून ठेवलं होतं हे मला माहीत नव्हतं. माझी मुलगी जवळच होती, तिला म्हणाले, वाच. ती बिचारी अडखळत वाचायला लागली. गूळ... खाऊन... वर... पाणी प्यावे. मग तिने मला विचारलं, "वर म्हणजे अप ना? अप जाऊन पाणी प्यायचं?" मी म्हटलं, अगं नाही, त्यानंतर. आम्ही दोघी हसलो. पप्पांनी कार्डाच्या कोपऱ्यातल्या पत्त्यावर बोट ठेवलं.

"त्यांच्या घरी कोणी असेल तर मला बोलायचं आहे," ते म्हणाले.

गाव शोधणं सोपं गेलं. ग्रामपंचायतीचा नंबर मिळाला, तिथल्या कारकुनाने त्या जवानाचं घर लगेच ओळखलं, गावात त्याच्या नावाची कमान आहे म्हणाला. घरात आता त्याची धाकटी बहीण असते, नवऱ्यामागे माहेरी येऊन राहिलेली, तिचा नंबर त्याने दिला. मी आधी बोलून पप्पा कोण ते सांगितलं. शनिवारी सकाळी दहाला पप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला, टेबलाशी ताठ बसले आणि मला फोनचा आवाज मोठा करायला सांगितला. मला वाटलं, फोनवर तरी ते थोडं सौम्य करून सांगतील. त्यांनी एक शब्द सौम्य केला नाही. तंबूच्या मागे ठेवल्याचं सांगितलं, दोनदा पाणी मागितल्याचं सांगितलं, आपण नाही म्हटल्याचं सांगितलं. पत्र खोटं होतं हेही. मग म्हणाले, "मी तुमच्या आईला फसवलं. तिचा गूळ मी कधी खाल्ला नाही."

फोन चालू आहे ना ते बघायला मी पुढे वाकले. तेवढ्यात म्हाताऱ्या बहिणीचा आवाज आला, खणखणीत.

"आईला ठावं हुतं, डॉक्टरसाहेब. आमच्याच गावचा एकजण तवा तुमच्या तंबूत जखमी पडला हुता. त्यो सुट्टीवर आला आन् समदं सांगून गेला. पानी मागत गेला म्हून."

पप्पांनी फोन माझ्याकडे सरकवला. मीच विचारलं, मग तरीही गूळ का पाठवायच्या?

"आई म्हनायची, त्या डॉक्टराच्या घशाखाली आता पानी उतरत नसंल. गूळ खाल्ला म्हंजी मानसाला पानी प्यावंच लागतंय. म्हून धाडायची. आन् पत्रात तेवढं लिवाच म्हनून मास्तराच्या मागं लागायची."

पुढे त्या दोघांत काय बोलणं झालं ते मी नीट ऐकलं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. आम्ही ज्या ओळीवर हसायचो ती लहानपणाची दहा-बारा वर्षं माझ्यापुढून गेली. फोन ठेवल्यावर पप्पांनी मला हाक मारली आणि विचारलं, घरात गूळ आहे का.

नव्हता. माझ्या घरात गूळ कधी आणलाच जात नाही. मी घरच्या चपला तशाच पायात असताना खाली धावले. कोपऱ्यावर रत्नागिरीकडच्या एका भाईंचं किराणा दुकान आहे, तिथे अर्ध्या किलोची ढेप मिळाली. भाईंनी विचारलं, सण आहे का काही. मी मान हलवली, होय म्हणून की नाही म्हणून ते माझं मलाही ठाऊक नाही.

वर आले तेव्हा पप्पा टेबलाशीच बसलेले होते. इस्त्रीचा शर्ट तसाच, पुढ्यात ते पोस्टकार्ड. पाण्याचा ग्लास त्यांनी स्वतः उठून काठोकाठ भरून आणला होता, आणि त्याला हात न लावता ते गुळाची वाट बघत होते.